येत असूनही गेलेले गुण: दहावीच्या गणितातील निष्काळजी चुका कशा टाळाव्यात

पूर्वपरीक्षेचे तपासलेले पेपर हातात पडले, की ठाण्यात नौपाड्यातील माझ्या घरी शिकवणीला येणाऱ्या मुलांचे पालक जवळजवळ एकच वाक्य बोलतात: "मॅडम, तिला येतं हो सगळं, फक्त सिली मिस्टेक्स होतात." या वाक्यातील पहिला भाग बहुतेक वेळा खरा असतो. दुसऱ्या भागाबद्दल मात्र मला नेहमी थांबून बोलावेसे वाटते, कारण चुकीला एकदा 'सिली' म्हटले की ती किरकोळ ठरते आणि ती कशी झाली याचा शोध तिथेच थांबतो. मग मुलाला 'नीट लक्ष दे' एवढाच सल्ला मिळतो, आणि त्याचा काही उपयोग होत नाही, कारण चूक होत असताना आपले लक्ष नाही हे त्या मुलाला ठाऊकच नसते.

इतक्या वर्षांत माझी एक खात्री झाली आहे. निष्काळजी वाटणाऱ्या चुका वाटेल तशा होत नाहीत; प्रत्येक मुलाच्या ठरलेल्या दोन-तीन चुका असतात आणि प्रत्येक पेपरात त्याच परत येतात. त्या ओळखून त्यांच्यापुरती हाताला सवय लावली, तर बाकीचा अभ्यास आहे तसा ठेवूनही गुण वाढतात.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे चुकांची वेगळी वही. कळव्याहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीबरोबर मी मागे चार सराव पेपर घेऊन बसले होते. गेलेल्या प्रत्येक गुणासमोर तिने कारण लिहायचे आणि 'घाई झाली' किंवा 'लक्ष नव्हते' असे लिहायचे नाही, एवढाच नियम ठेवला होता. हाताने नेमके काय केले तेच लिहायचे: 'वजाबाकी करताना तिसऱ्या पदाचे चिन्ह बदलले नाही', 'कच्च्या कामातले ५६ उत्तरात ६५ झाले'. चौथा पेपर संपला तेव्हा बहुतेक नोंदी याच दोन प्रकारांच्या निघाल्या. ती स्वतःला अर्थनियोजनात कच्ची समजत होती आणि सुट्टीभर तेच प्रकरण करत होती; त्या प्रकरणातून वहीत जवळजवळ काहीच आले नव्हते. तुमच्या वहीत प्रत्येक चुकीसाठी चुकलेली ओळ जशीच्या तशी उतरवा, तिच्याखाली बरोबर ओळ लिहा आणि शेवटी हाताला द्यायची एक सूचना लिहा. चार-पाच पेपर झाले की तुमची ठरलेली चूक पानावर आपोआप दिसू लागते.

सर्वांत जास्त गुण चिन्हे खातात, म्हणून त्यांच्याकडे जरा सविस्तर पाहू. समजा, ३क्ष − २य = ८ आणि ३क्ष + ४य = २ ही समीकरणे सोडवायची आहेत. पहिल्यातून दुसरे वजा करताना क्ष नाहीसा होतो आणि −२य − ४य = ८ − २, म्हणजे −६य = ६ मिळते; यावरून य = −१ आणि क्ष = २. चुकणारा विद्यार्थी क्षचे पद बरोबर घालवतो आणि उजवीकडची वजाबाकीही बरोबर करतो, पण मधल्या पदाचे चिन्ह बदलायला विसरतो; त्यामुळे त्याच्याकडे २य = ६ येते आणि य = ३ होते. येथे हाताची सवय अशी असावी, की वजाबाकी करण्यापूर्वी खालच्या समीकरणातील तिन्ही पदांखाली बदललेली चिन्हे पेन्सिलीने लिहायची, ती तीन आहेत हे मोजायचे आणि मगच रेघ ओढायची. मनातल्या मनात चिन्ह बदलणे आणि त्याच क्षणी बेरीज करणे ही दोन कामे एका पायरीत घेतली, की त्यांतले एक हमखास निसटते.

याच उदाहरणात ताळ्याबद्दलची एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. चुकलेला विद्यार्थी य = ३ ही किंमत पहिल्या समीकरणात ठेवतो, ३क्ष = १४ मिळवतो आणि क्ष = १४/३ लिहितो. मग तो ताळा करायचा म्हणून याच किमती पुन्हा पहिल्याच समीकरणात घालतो: १४ − ६ = ८. उत्तर जुळते आणि तो निश्चिंत मनाने पुढे जातो. ते जुळणारच होते, कारण क्षची किंमत त्याच समीकरणातून काढलेली होती. ताळा नेहमी न वापरलेल्या समीकरणात करावा. दुसऱ्या समीकरणात त्याच किमती ठेवल्या, तर १४ + १२ = २६ येते, २ येत नाही, आणि चूक अर्ध्या मिनिटात उघडी पडते. क्रेमरच्या पद्धतीने, म्हणजे निश्चयक वापरून, उदाहरण सोडवले, तर ताळा दोन्ही समीकरणांत करावा.

वर्गसमीकरणांतही हाच प्रकार घडतो. क्ष² − ६क्ष − ७ = ० या समीकरणाचा विवेचक काढताना मधला सहगुणक −६ आहे आणि शेवटचे पद −७ आहे. सूत्रात किमती ठेवताना प्रत्येक किमतीला कंस घातला, तर (−६)² − ४(१)(−७) = ३६ + २८ = ६४ असे सरळ येते. कंस न घालणारा विद्यार्थी ३६ − २८ = ८ लिहितो आणि पुढे वर्गमूळ नीट निघत नाही म्हणून घाबरतो. येथेही झटपट ताळा आहे: मुळे ७ आणि −१ आली, तर त्यांची बेरीज मधल्या सहगुणकाच्या विरुद्ध चिन्हाची, म्हणजे ६, आणि गुणाकार शेवटच्या पदाइतका, म्हणजे −७, आला पाहिजे. क्ष²चा सहगुणक १ नसेल, तर या दोन्ही संख्यांना त्याने भागून घ्यावे.

बोर्डाच्या परीक्षेत गणकयंत्र चालत नाही, त्यामुळे आकडेमोडीचा ताळा हातानेच करावा लागतो. घरातल्या आजी-आजोबांना नवाचा ताळा येत असेल, तर तो त्यांच्याकडून जरूर शिकून घ्यावा. ४७ × ३८ = १७८६ हा गुणाकार घेऊ. ४७ च्या अंकांची बेरीज ११ आणि पुन्हा बेरीज २; ३८ चीही २; त्यांचा गुणाकार ४. आता १७८६ च्या अंकांची बेरीज २२, म्हणजे पुन्हा ४. ताळा जुळला. मात्र उत्तर उतरवताना १७६८ लिहिले गेले, तरीही नवाचा ताळा जुळतोच, कारण अंक तेच असतात, फक्त त्यांची जागा बदललेली असते. म्हणून ज्यांची वही अंकांच्या अदलाबदलीने भरलेली आहे, त्यांनी या ताळ्यावर विसंबू नये. त्यांनी कच्चे काम वेगळ्या पानावर न करता त्याच पानावर उजवीकडे समास आखून उदाहरणाच्या शेजारीच करावे आणि संख्या उतरवताना ती ओठांतल्या ओठांत वाचावी. डोळ्याला जे लिहायचे होते तेच दिसत राहते. उच्चार केला की फरक कळतो.

काही चुका वाचनाच्या असतात. शेअर्सच्या उदाहरणात लाभांश दर्शनी किमतीवर मिळतो, दलाली बाजारभावावर लागते आणि जीएसटी फक्त दलालीवर लागतो. बाजारभाव २०० रुपये, दलाली ०.३ टक्के आणि जीएसटी १८ टक्के असेल, तर दलाली ६० पैसे आणि जीएसटी १०.८ पैसे होतो. खरेदी किंमत २००.७०८ रुपये. पूर्ण २०० रुपयांवर १८ टक्के काढणाऱ्या विद्यार्थ्याला सूत्रे पाठ असतात, फक्त कोणता टक्का कशावर हे त्याने खुणेने जोडलेले नसते. प्रश्न वाचतानाच प्रत्येक टक्क्यापासून त्याच्या रकमेपर्यंत पेन्सिलीने बाण काढावा. सांख्यिकीत वर्ग १०–१९, २०–२९ असे असतील, तर मध्यक काढण्यापूर्वी ते ९.५–१९.५, १९.५–२९.५ असे सलग करावेत, आणि सूत्रात मध्यक वर्गाच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता घ्यावी. समरूप त्रिकोणांत प्रश्न बाजूंच्या गुणोत्तराचा आहे की क्षेत्रफळांच्या, याखाली रेघ मारावी. क्षेत्रफळे ४ : ९ असतील, तर बाजू २ : ३. महत्त्वमापनात दिलेली लांबी त्रिज्या आहे की व्यास, ते आकृतीवरच लिहून टाकावे.

उत्तर आल्यावर ते शक्य तरी आहे का, हे क्षणभर थांबून पाहण्याची सवय मला फार मोलाची वाटते. ठाणेकर मुलांना मी याचे उदाहरण आपल्याच स्टेशनाचे देते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी सुमारे ३४ किलोमीटर अंतर सुमारे ५७ मिनिटांत कापून ठाण्याला पोहोचली. तिचा सरासरी वेग ताशी किती? मिनिटांचे तास न करता ३४ ला ५७ ने भागले, की ताशी ०.६ किलोमीटर असे उत्तर येते, आणि काही मुले ते निमूटपणे लिहून टाकतात. एवढ्या वेगाने मुंबईहून निघालेली गाडी ठाण्याला पोहोचायला दोन दिवसांहून अधिक वेळ लागेल. ६० ने गुणले, की ताशी सुमारे ३६ किलोमीटर हे पटणारे उत्तर मिळते. श्रेढीतही हेच करता येते: ७, ४, १, … या श्रेढीचे विसावे पद ६४ आले, तर पदे कमी कमी होत असताना उत्तर इतके मोठे कसे, हा प्रश्न स्वतःला पडला पाहिजे. सामान्य फरक −३ घेतला, की ७ + १९ × (−३) = −५० मिळते.

प्रश्नपत्रिकेच्या सुरुवातीच्या सूचना वाचून गुण मिळत नाहीत असे मुलांना वाटते, पण त्या न वाचल्याने गुण जातात. बहुपर्यायी प्रश्नांत प्रथम केलेल्या उत्तरालाच गुण दिले जातात. म्हणजे एक पर्याय लिहून नंतर दुसरीकडे बरोबर पर्याय लिहिला, तर त्याचा फायदा होत नाही. म्हणून हे चार प्रश्न आधी कच्च्या कामात सोडवावेत आणि खात्री झाल्यावरच उपप्रश्न क्रमांकासह पर्यायाचे वर्णाक्षर लिहावे. भूमितीत रचनेच्या खुणा पुसायच्या नसतात, आणि प्रमेयाच्या सिद्धतेसाठी आकृती आवश्यक असते. सवयीने स्वच्छतेसाठी कंपासने काढलेल्या कंसांच्या खुणा खोडणारी टापटीप मुले येथे हकनाक गुण गमावतात, याचे मला फार वाईट वाटते.

वेळेचा हिशोब सोपा आहे. भाग १ आणि भाग २ या दोन्ही पेपरांना प्रत्येकी ४० गुण आणि दोन तास असतात, आणि २०२३ पासून बोर्ड शेवटी दहा मिनिटे वाढवून देते. गुणामागे अडीच मिनिटे धरली, तर शंभर मिनिटांत लेखन होते आणि तपासणीला तीस मिनिटे उरतात. ही तीस मिनिटे सलग शेवटी वापरू नयेत, असे माझे मत आहे. ताळ्याची निम्मी मिनिटे त्या त्या उदाहरणाखालीच खर्च करावीत, कारण तेव्हा ते डोक्यात ताजे असते. शेवटी संपूर्ण पेपर वरून खाली वाचताना डोळे फक्त ओळींवरून फिरतात. उरलेल्या पंधरा मिनिटांत सगळे तपासू नये, आपल्या वहीतील दोन-तीन ठरलेल्या चुकाच शोधाव्यात. ज्याची चूक चिन्हांची आहे त्याने फक्त वजाबाकीच्या पायऱ्या पाहाव्यात. ज्याची चूक उतरवण्याची आहे त्याने समासातील शेवटची संख्या आणि उत्तरातील संख्या यांवर बोट ठेवून त्या जुळवाव्यात. एखादे उत्तर चुकीचे वाटले, तर आधी नवी रीत पूर्ण लिहावी आणि मगच जुनी एका आडव्या रेघेने खोडावी. घाबरून आधी बरोबर उत्तर खोडलेले मी अनेकदा पाहिले आहे.

घरचे सराव पेपरही शक्यतो सकाळी अकरा वाजताच सोडवावेत, कारण सकाळच्या सत्राचा पेपर त्याच वेळी सुरू होतो, आणि रात्री अकराला बरोबर येणारी आकडेमोड त्या वेळी तशीच येईल असे नाही. केंद्रावर अर्धा तास आधी पोहोचायचे असते. घोडबंदर रस्त्याच्या पलीकडून येणाऱ्यांनी सकाळची कोंडी धरून निघावे आणि आदल्या रविवारी रस्ता बघून आलो म्हणून त्या वेळेवर अवलंबून राहू नये. धापा टाकत बाकावर बसलेल्या मुलाची पहिली दहा मिनिटे स्थिरावण्यातच जातात, आणि त्याच दहा मिनिटांत बहुपर्यायी प्रश्न लिहून होतात.

शेवटची घंटा होण्याआधी तीन गोष्टी हाताने चाचपून पाहाव्यात: प्रत्येक उत्तरासमोरचा प्रश्न आणि उपप्रश्न क्रमांक प्रश्नपत्रिकेशी जुळतो का, पुरवण्या क्रमाने बांधल्या आहेत का, आणि आलेखाचा कागद घेतला असेल तर तोही त्यांच्यासोबत बांधला गेला आहे का.