डिमेन्शियाचा खर्च: आईची सही चालते तोवर उरकायची कामं

डिमेन्शियाचं निदान झालं की घरचे आधी आया शोधायला लागतात आणि बँकेची कामं मागे पडतात. क्रम उलटा हवा. आया शोधली की मिळते. पण आईला समजून-उमजून सही करता येत नाही हे एकदा बँकेच्या लक्षात आलं, की तिचेच पैसे तिच्या औषधपाण्याला काढणं अवघड होऊन बसतं. अंगठ्याची सोय हात न चालणाऱ्यांसाठी आहे, समज गेलेल्यांसाठी नाही.

मुखत्यारपत्राच्या (पॉवर ऑफ अटर्नी) भरवशावर तर राहूच नका. करार कायद्याच्या कलम 201 नुसार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं, नोंदणी केलेली असली तरी. ज्या दिवसासाठी करून ठेवलं, नेमकं त्याच दिवशी बाद!

म्हणून पहिलं काम बचत खातं संयुक्त करणं. फॉर्मवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहा, म्हणजे दोघांपैकी कुणा एकाच्या सहीने पैसे काढता येतात. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' लिहिलंत तर आई हयात असेपर्यंत तुम्हाला एक रुपयाही काढता येणार नाही.

खरी गोची एफडीत होते. संयुक्त एफडीची मुदत संपल्यावर एकाची सही पुरते, पण मुदतीआधी मोडायची तर बँक दोघांच्याही सह्या मागू शकते. 12 लाखांची पाच वर्षांची एकच एफडी असेल, तर आई सही करू शकते तोवरच ती मोडून दोन-दोन लाखांच्या सहा करा. पहिलीची मुदत चार महिन्यांची, दुसरीची आठ, असं करत शेवटची दोन वर्षांची. ऑटो रिन्यूअल बंद, रक्कम थेट संयुक्त खात्यात. मोडताना थोडं व्याज बुडेल, ते सोसा.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची कमाल मर्यादा 30 लाख आहे. 8.2 टक्के दराने 15 लाखांवर दर तिमाहीला 30,750 रुपये येतात, म्हणजे महिन्याला सव्वादहा हजार. आयाच्या पगाराला हातभार लागतो. सगळी पुंजी मात्र तिथे अडकवू नका, कारण मुदतीआधी बंद करायला पुन्हा आईचीच सही.

संयुक्त खात्यातला पैसा आईचाच, हे भावंडांनी सुरुवातीलाच बोलून घ्यावं. आयाचा पगार आणि औषधं त्याच खात्यातून, शक्यतो यूपीआयने. दर महिन्याला पासबुकाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाका. 'सुरक्षित राहील' म्हणून रक्कम मुलाच्या खात्यात हलवणं ही भांडणाची सुरुवात असते.

घराचं बक्षीसपत्र सुचवणारे बरेच भेटतील, कारण महाराष्ट्रात राहतं घर मुलांना द्यायला मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. स्वस्त आहे म्हणून करू नका. घर आईच्या नावावरून जातं. करायचंच असेल तर सांभाळाची अट दस्तात स्पष्ट लिहा. अट मोडली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली न्यायाधिकरणाकडून दस्त रद्द करून घेता येतो. त्यापेक्षा मृत्युपत्र बरं: दोन साक्षीदार आणि आईला समज असल्याचं डॉक्टरांचं त्याच तारखेचं प्रमाणपत्र.

सत्तरीपुढच्यांच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात, पण दवाखान्यात भरती झाल्यावर. घरच्या आयाचा खर्च त्यात बसत नाही. जुन्या करपद्धतीत 80डीडीबी नावाने ओळखली जाणारी, ज्येष्ठांसाठी 1 लाखापर्यंतची वजावट डिमेन्शियाच्या उपचारखर्चाला लागू होते, मात्र आजाराने आलेलं अपंगत्व किमान 40 टक्के असावं लागतं आणि न्यूरोलॉजिस्टची चिठ्ठी हवी.

सहीची वेळ निघूनच गेली असेल, तर आईच्या वतीने निर्णय घेणारा कायदेशीर पालक नेमण्यासाठी उच्च न्यायालयात (नागपूरकरांसाठी सिव्हिल लाइन्समधलं नागपूर खंडपीठ) रिट याचिका करावी लागते. वैद्यकीय अहवाल, मालमत्तेची यादी आणि इतर वारसांची संमतीपत्रं वकिलाकडे जाण्याआधीच गोळा करा.

आईच्या मोबाइलवरचं यूपीआय आजच काढा, एटीएमची मर्यादा दोन हजारांवर आणा आणि एसएमएस तुमच्या नंबरवर वळवा. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.