कॉर्निश गावांच्या नावांचे अर्थ लावताना या चुका टाळा

ब्रिटनच्या नैऋत्य टोकावरील कॉर्नवॉलमधील बहुतेक गावांची नावे मुळात कॉर्निश भाषेतील आहेत. परंतु इंग्रजी लेखनिकांनी ती कानाला जशी लागली तशी उतरवल्यामुळे नकाशावरील आजच्या रूपावरून अर्थ काढणारा हमखास फसतो.

रेड्रूथ हे नाव पाहा. इंग्रजी जाणणाऱ्याला 'रेड' दिसताच तो तांबडा रंग धरतो. तांबडा रंग या नावात आहेही, पण तो 'रूथ'मध्ये. कॉर्निश 'रुध' म्हणजे तांबडा, आणि आपल्या 'रुधिर'चे मूळही तेच. सुरुवातीचा 'रेड' म्हणजे 'रिड', नदी पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा. आपल्याकडे 'पूर' किंवा 'गाव' शेवटी येते, तर कॉर्निशमध्ये जागा आधी आणि तिचे वर्णन नंतर, हा क्रम विसरला की अर्थ उलटा लागतो.

दुसरी चूक दंतकथेवर विसंबण्याची. पेन्झॅन्समधील मार्केट ज्यू स्ट्रीट आणि शेजारचे मॅराझायन (यात ज्यूंचे 'झायन' असल्याचा भास होतो) यांवरून येथे प्राचीन काळी ज्यू व्यापारी कथील नेण्यास येत, अशी कथा रचली गेली. प्रत्यक्षात 'मार्हस यो' म्हणजे गुरुवारचा बाजार, तर 'मार्हस बिहन' म्हणजे छोटा बाजार. ऋग्वेदाचे संपादक मॅक्स म्युलर यांनीही एकोणिसाव्या शतकात हा भ्रम खोडून काढला होता, आणि भाषेच्या अभ्यासाचे बळ यातून फार सुंदर दिसते.

उलट चूकही होते. 'बॉस' म्हणजे राहण्याची जागा, हे कळलेला माणूस बॉस्कॅसलही त्याच अर्थाने फोडतो. ते नाव मात्र बोट्रो या नॉर्मन घराण्याच्या किल्ल्यावरून आले आहे. तसेच लँटेग्लॉसमधील 'लॅन' हे चर्चचे आवार नसून 'नान्स', म्हणजे दरी आहे. शब्दारंभीचे व्यंजन बदलते, हेही ध्यानात ठेवावे: 'बिहन' म्हणजे लहान, पण 'ट्रे' या वस्तीवाचक शब्दापुढे त्याचा 'ब' 'व्ह' होतो, म्हणून लहान वाडी ट्रेव्हीन ठरते.

शंका आली की नावाचे सर्वांत जुने लिखित रूप शोधावे; काही नावे इंग्लंडमधील जमिनींच्या पाहणीची नोंद असलेल्या 1086च्या डूम्सडे बुकातही सापडतात. त्यासोबत स्थानिक उच्चार ऐकावा, कारण अशा जोडनावांत जोर साधारणपणे वर्णन करणाऱ्या पदावर पडतो. पेन्झॅन्स म्हणताना तो 'झॅन्स'वर येतो, आणि 'पेन' म्हणजे भूशिर व 'सान्स' म्हणजे पवित्र, ही फोड तेथेच कानाला कळते.