प्लॅन बाहेरचा, घाम गोव्याचा: हाफ आणि फुल मॅरेथॉनआधी या चुका टाळा

पहिल्या हाफ मॅरेथॉनला सोळाव्या किलोमीटरवर मी रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले होते. दम शाबूत होता, पायही चालत होते; पण डोके जड झाले होते, मळमळत होते आणि बोटातली अंगठी रुतत होती. पाण्याच्या टेबलावरचा मुलगा धावत आला आणि "मावशी, पाणी प्या" म्हणत बाटली पुढे केली. ती चौथी बाटली. नेमकी तीच मला नको होती, हे कळायला पुढे दोन वर्षे गेली.

त्या वर्षी इंटरनेटवरून उतरवलेला सोळा आठवड्यांच्या सरावाचा तक्ता मी फ्रिजवर चिकटवला होता आणि एकही दिवस चुकवला नव्हता. तक्ता चांगलाच होता. फक्त तो लिहिणाऱ्याच्या गावात ऑगस्टमध्ये धो धो पाऊस नव्हता, चवथ (गणेश चतुर्थी) नव्हती, आणि डिसेंबरच्या पहाटेही अंगाला चिकटणारी हवा नव्हती. आपल्याकडे नव्याने धावणाऱ्यांच्या बऱ्याच चुका आळसातून कमी आणि अशा आज्ञाधारकपणातूनच जास्त होतात, असे माझे मत झाले आहे.

घाम येतो, पण वाळत नाही

शरीर थंड होते ते घाम वाळल्यावर. नुसता येऊन उपयोग नाही. पणजीच्या पहाटेच्या दमट हवेत तो वाळतच नाही, कोपरावरून गळत राहतो. मग हृदयाला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात: पायांना रक्त पुरवायचे आणि आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडेही रक्त पाठवायचे. वेग तोच, पण नाडी चढत जाते. माझा पुण्याचा आतेभाऊ तिकडे साडेसहाच्या पेसने (म्हणजे किलोमीटरमागे साडेसहा मिनिटे) गप्पा मारत पंधरा किलोमीटर करतो. गेल्या डिसेंबरात पर्वरीला आला आणि दहाव्या किलोमीटरला म्हणाला, "ताई, तुझ्याकडे हवा चावून खावी लागते."

तेव्हा पहिली चूक म्हणजे कुठल्याशा थंड, कोरड्या गावातला पेस इथे धरून बसणे. लाँग रनला (आठवड्यातल्या सर्वांत लांब सरावाला) सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटू लागले की घड्याळ काहीही म्हणो, वेग कमी करा. मी स्वतः किलोमीटरमागे वीस ते तीस सेकंद सोडून देते, ऑक्टोबरच्या उन्हात त्याहून जास्त. त्यात कमीपणा काही नाही.

याचीच जुळी बहीण म्हणजे पावसाला कंटाळून सगळे धावणे जिममधल्या एसीत, ट्रेडमिलवर उरकणे. दमट उष्णतेची शरीराला सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात आणि ती सुटली की काही आठवड्यांत निघूनही जाते. ट्रेडमिल आठवड्यातून एखाद्या दिवशी ठीक. शेवटचा महिना मात्र बाहेरच काढा. आणखी एक: डिसेंबरात पणजीत सूर्य पावणेसातनंतर उगवतो, त्यामुळे पहाटे सुरू केलेला सराव बहुतेक अंधारातच संपतो. शर्यतीचा शेवटचा तास मात्र उन्हात जातो. हाफ अडीच-तीन तासांत करणाऱ्यांनी दोन-तीन लाँग रन मुद्दाम उशिरा सुरू करून उन्हात संपवावेत. फुलवाल्यांनी तर नक्कीच.

पाणी, मीठ आणि माझी चौथी बाटली

प्रत्येक टेबलावर थांबून साधे पाणी पीत गेले की घामातून गेलेले मीठ भरून निघत नाही, उलट रक्तातले सोडियम आणखी पातळ होते. डोके जड होणे, मळमळ, बोटे सुजणे, पुढे बरळणे ही त्याची लक्षणे. हा धोका वेगवान धावपटूंना कमी आणि माझ्यासारख्या हळू धावणाऱ्यांना जास्त असतो, कारण प्यायला आमच्याकडे वेळ भरपूर असतो! माझे त्या दिवशी बहुधा हेच झाले असावे. तपासणी कुणी केली नाही. लिंबाच्या लोणच्याचा रस चाटून तासाभराने बरे वाटले, एवढाच पुरावा.

किती प्यायचे हे वजनकाटा सांगतो. तासभर धावण्याआधी आणि नंतर, अंग कोरडे करून, घामाचे कपडे उतरवून वजन करा. एक किलो कमी झाले म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला (मध्ये पाणी प्यायला असाल तर तेवढे मिळवा). सगळेच भरून काढायची गरज नाही, तहानेप्रमाणे घोट घोट पुरते. पण धावून आल्यावर वजन वाढलेले दिसले तर तुम्ही जास्त पीत आहात, हे नक्की.

ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. "चव लागत नाही" म्हणून तेच पाकीट अर्ध्या लिटरात ढवळणारे मी पाहिले आहेत. मग पोट बंड करते. टेट्रापॅकमधली गोड पेये ओआरएस नव्हेत. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते पण सोडियम थोडेच, म्हणून शर्यतीनंतर ते जरूर प्या, शर्यतीत मिठाचा पर्याय म्हणून नको. कोकम सरबतात मीठ-साखर नीट असेल तर चालते, मी तेच नेते. सोलकढी मात्र धावण्याआधी घेऊ नका. नारळाचे दूध पोटात तासन्‌तास बसते.

आणि हे लक्षात असू द्या: सोबतचा माणूस अडखळत, असंबद्ध बोलू लागला, किंवा अंग तापून कोसळला, तर तोंडात पाणी ओतू नका. सावलीत न्या, अंगावर गार पाणी, बर्फ मिळाल्यास बर्फ, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. तोही "मी ठीक आहे" म्हणेल, ऐकू नका.

चवथ, नरकासुर आणि तक्ता

डिसेंबरच्या मध्यावरच्या शर्यतीपासून सोळा आठवडे मागे मोजले की ऑगस्टचा शेवट येतो, म्हणजे चवथ हमखास तक्त्याच्या सुरुवातीलाच येते. पहिल्या वर्षी डिचोलीच्या मूळ घरी माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली) नेवऱ्यांची (करंज्यांची) रास पडलेली असताना मी पहाटे बारा किलोमीटरला निघाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण ते न बोलणे बारा किलोमीटर ऐकू येत होते. आता मी तो आठवडा आधीच विश्रांतीचा धरते. एक आठवडा गेल्याने दमसास उतरत नाही. नंतर दुप्पट धावून भरपाई करायला गेले की नडगी किंवा गुडघा बोलू लागतो. आठवड्याचे अंतर साधारण दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये हा जुना अंदाज इथेच कामी येतो.

दिवाळी येते ती ऐन मोठ्या लाँग रनच्या आठवड्यांत. नरकासुराचे पुतळे जाळतात त्या रात्री गाव जागे असते. पहाटे रस्त्यावर राख, तारा, अर्धवट जळलेले बांबू. त्या सकाळी अठरा किलोमीटर लिहिले असतील तर खोडा. नोव्हेंबरच्या शेवटी जुन्या गोव्याचा नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होतो आणि ३ डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तापर्यंत (सणापर्यंत) तिकडचे रस्ते पहाटेपासून चालत्या भाविकांनी आणि गाड्यांनी भरलेले असतात. रायबंदरचा जुना कॉजवे (पाणथळीतून भराव घालून बांधलेला रस्ता), तो १६३४च्या सुमाराचा, तीन किलोमीटरहून थोडा लांब, सपाट आणि नदीला लागून, एरवी मला फार आवडतो. त्या दिवसांत मी दुसरीकडे जाते.

पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला शेवाळ असते आणि कोरड्या जागी गुरे बसलेली असतात. दिवा आणि चकाकणारी पट्टी लावून, समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावा. ओले बूट उन्हाची वाट पाहत ठेवू नका, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा.

मिरामार–दोनापावलाचे लाड

पणजीकरांचे धावणे बांदोडकर मार्गावर होते: कला अकादमी, कांपाल, मिरामार, दोनापावला आणि परत. झाडे आहेत, ओळखीची माणसे भेटतात आणि मुख्य म्हणजे चढ नावालाच. अडचण ही की नदीकाठ सोडला की गोवा सगळा चढ-उताराचाच, सडे (खडकाळ पठारे) आणि त्यांवर चढणारे रस्ते. महिनोन्‌महिने सपाट धावलेल्या पायांना शर्यतीतला पहिला लांब चढ धक्का देतो, आणि खरे नुकसान पुढच्या उतारावर होते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणत ताणत ब्रेक लावत असतात. ते पिचले की पंधराव्या किलोमीटरनंतर सपाटीवरही पाय उचलत नाही. शर्यतीच्या मार्गाचा नकाशा मिळाला की चढ कुठे आहेत ते आधी पाहा. मग आठवड्यातून एकदा आल्तिनो, बांबोळीचा चढ किंवा मांडवी पुलावरून पर्वरी, जे जवळ असेल ते करा. चढावर पावले आखूड टाका. उतारावर पाय फार पुढे टाकू नका, तो शरीराच्या खालीच पडू द्या.

किनाऱ्यावर धावणे तर पर्यटकांच्या फोटोंमुळे फार रम्य वाटते. पण मऊ वाळूत टाच खाली जाते, पोटरी आणि टाचेमागची शीर ओढली जाते. शिवाय किनारा पाण्याकडे उतरता असल्याने एक पाय सतत खाली पडतो. धावायचेच असेल तर ओहोटीला, घट्ट ओल्या वाळूवर, जाताना जेवढे तेवढेच येताना, आणि दोन-तीन किलोमीटरच. लाँग रन कोलव्याच्या वाळूत करून पोटरी धरून बसलेल्या दोघांना मी घरी सोडले आहे.

घड्याळ खोटे बोलत नाही, पण

हाफ म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, फुल ४२.१९५. अडीच तासांत हाफ करायची तर पेस साधारण सात मिनिटे सात सेकंद, हे बरोबर. तरी सात-सात दाखवणाऱ्या घड्याळासह लोक अडीच तास चुकवतात आणि आयोजकांवर चिडतात. अंतर रस्त्यावरच्या सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात. आपण वळणांवर बाहेरून जातो, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जातो, आणि जीपीएस झाडे-इमारतींखाली थोडे इकडेतिकडे करते. घड्याळात २१.४ भरले तर सात-सातने १५२ मिनिटे होतात. घड्याळावर सातचा पेस ठेवलात तर २ तास २९ मिनिटे ४८ सेकंद. किलोमीटरच्या पाट्यांपाशी एकूण वेळ ताडून पाहणे सगळ्यांत सोपे.

हाफची वेळ दुप्पट केली की फुलची वेळ मिळते, हाही एक गोड गैरसमज. निदान पंधरा-वीस मिनिटे आणखी धरा. शरीरातला साखरेचा साठा साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास आटतो. म्हणून दीड तासाहून लांब धावताना दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागते. एका जेलमध्ये (धावताना चोखायच्या गोड, घट्ट पाकाच्या पुडीत) साधारण २५ ग्रॅम असते. जेल सोसत नसेल तर केळे, खजूर, गुळाचे खडे चालतात. काहीही घ्या, पण शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा नको. एक्स्पोतल्या (शर्यतीआधीच्या प्रदर्शनातल्या) स्टॉलवर फुकट मिळालेल्या नव्या चवीच्या जेलने पोर्टेबल शौचालयापुढच्या रांगा लांब होतात, एवढेच सांगते.

शेवटचा आठवडा

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर कमी करायचे असते, आणि नेमके तेव्हाच मन खाते की आपण पुरेसे धावलो नाही. शर्यतीच्या आठ दिवस आधी "एकदा वीस करून बघूया" म्हणणारा मित्र टाळा. नवे बूटही टाळा. शंभरेक किलोमीटर झालेली जोडी उत्तम. चाळिशी उलटलेल्यांनी, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना भेटायचे ते तक्ता सुरू करण्याआधी, या आठवड्यात नव्हे.

शनिवारी रात्री शीत (भात), साधे वरण, थोडी भाजी. शागुती (मसालेदार रस्सा) आणि सुंगटे (कोळंबी) रविवारी दुपारी खा, बियरही तेव्हाच. पहाटे, सुटण्याआधी दोन-अडीच तास, दोन केळी किंवा जॅम लावलेला पाव; पोदेर (पाववाला) तेवढ्या पहाटे येणार नाही, आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. दुखेल म्हणून वेदनाशामक गोळी आधीच घेणारे बरेच असतात. लांब धावण्यात, अंगातले पाणी कमी झालेले असताना, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात. घेऊ नका. जांघा, काखा, जिथे कापड घासते तिथे व्हॅसलीन लावा. दमट हवेत हे विसरलात तर आंघोळीच्या वेळी आठवण येईल.

रविवारी पहाटे चार वाजता बस मिळेल या भरवशावर राहू नका. रस्ते बंद होण्याआधी पोचा, गाडी लांब लावून चालत या. बिबच्या (छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाच्या) मागे रक्तगट आणि घरचा फोन लिहा, आणि न धावण्याचे ठरले तर तो बिब मित्राला देऊ नका. तो कोसळला तर तुमच्या घरी फोन जाईल आणि डॉक्टरांपुढे तुमचा रक्तगट असेल.

धावताना बरगडीखाली कळ आली तर वेग कमी करा, श्वास पूर्ण सोडा, दुखऱ्या जागी बोटे दाबा. दोन-तीन मिनिटांत बहुतेक सुटते. पोटरीत गोळा आला तर थांबून पंजा हळू वर ओढा, मग चाला. गुडघ्यात टोचरे, पावलागणिक वाढणारे दुखणे असेल तर तिथेच शर्यत सोडा. असे मी एकदा केले आहे. वाईट वाटते, पण पुढच्या महिन्यात धावता येते.

शेवटची चूक रेषेपलीकडची. पदक गळ्यात पडले की लोक गवतावर बसकण मारतात आणि मग उठता येत नाही. दहा मिनिटे चाला, मग मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणचे. काणकोणच्या एका ओळखीच्याने तेवढाही वेळ न घेता मोटरसायकलला किक मारली आणि पहिल्याच सिग्नलला पायाचा ब्रेक दाबताना पोटरीत असा गोळा आला की मागच्या गाडीवाल्याने उतरून त्याला धरले. हल्ली तो मोटरसायकल घरी ठेवून येतो आणि परतताना बसस्टँडपर्यंत पायलट (मोटरसायकल टॅक्सी) करतो.