लातुरात चित्रं विकून घर चालवायचं तर

इथं गॅलरी नाही, संग्राहक नाहीत, आणि गिऱ्हाईक निम्मं ओळखीतलं. तुमचं चित्र कोण घेतो? निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांचा स्टाफ, नवा दवाखाना थाटणारा डॉक्टर, जिल्हा परिषदेची शाळा, जयंतीचं मंडळ, नाहीतर वडील गेले म्हणून त्यांचा फोटो घेऊन आलेला मुलगा. यातला प्रत्येक जण कुठून ना कुठून पाहुणा निघतो. म्हणून इथं चित्र काढता येण्याइतकंच ओळखीच्या माणसाला तोंडावर किंमत सांगता यायला लागतं. मी एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) केलं, भरतीची वाट बघणं सोडलं, आणि आता पोर्ट्रेट, भिंती आणि चित्रकलेचे वर्ग यांवर घर चालवते. या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितेय.

पहिल्यांदा भाव छापून भिंतीला लावा. तोंडी भाव समोरच्याचा चेहरा बघून खाली येतो, छापील भावाशी कुणी फारसं भांडत नाही. माझ्याकडं पेन्सिलचं एका चेहऱ्याचं ए-फोर 1500 रुपये, ए-थ्री 3000. दुसरा चेहरा आला की त्याचे वेगळे, फ्रेम वेगळी. आकडा काढायचा कसा? ए-थ्रीला माझे साधारण बारा तास जातात. किमतीतून कागद, पेन्सिली आणि फिक्सेटिव्हचा (पेन्सिल पुसू नये म्हणून मारायचा फवारा) खर्च वजा करा, खोलीभाडं आणि लाइटबिलाचा वाटा वजा करा, उरलं त्याला तासांनी भागा. जे येईल ते तुमच्या गल्लीत काम करणाऱ्या गवंड्याच्या रोजाशी लावून बघा. त्याच्या खाली असेल तर भाव वाढवायचा. गवंड्याला कुणी "जरा हौसेनं बांधा की" म्हणत नाही.

"कमी करा की ताई" हे होणारच. तेव्हा किंमत हलवायची नाही, काम हलवायचं. ए-थ्रीचं ए-फोर करू, रंगीतचं पेन्सिलमध्ये करू, फ्रेम तुम्ही बाहेरून करून घ्या. गिऱ्हाइकाच्या खिशाचा मान राहतो आणि तुमचा तास स्वस्त होत नाही.

नात्याचं आधीच ठरवून टाका. माझं ठरलेलं आहे: सख्खी भावंडं आणि नणंद यांना आहेरात पूर्ण फुकट, बाकी चुलत-मावस-आते सगळे छापील भावात. मधलं काही नाही. अर्ध्या किमतीत दिलेल्या चित्राचा आहेरही होत नाही आणि धंदाही होत नाही. घेणाऱ्याला वाटतं नात्यात पैसे घेतले, देणाऱ्याला वाटतं कष्ट बुडाले. आत्याबाई म्हणतात, "तुझ्या हातातच कला हाय, तुला काय पैशे लागायलेत?" त्यांना मी कागदाच्या दुकानाचं बिल दाखवते. हसतात आणि देतात.

ऑर्डरच्या वेळी निम्मे पैसे, चित्र हातात देण्याआधी उरलेले. पैसे घ्यायचा क्यूआर कोड टेबलावर समोर ठेवा, म्हणजे तोंडानं मागायची वेळच येत नाही. बाईमाणसाला आणखी एक त्रास असतो: काम माझं, हात माझा, पण भाव ठरवायला "साहेब हायत का घरी?" साहेब बँकेत आहेत, त्यांना पेन्सिलचा नंबर सुद्धा सांगता येणार नाही. दोनदा तेच उत्तर दिलं की बोलणं माझ्याशी सुरू होतं.

मे महिन्याचं एक खास. आपल्याकडं कित्येक जुन्या शिक्षकांची जन्मतारीख 1 जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच टाकलेली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून 31 मेला निरोपसमारंभांची झुंबड असते आणि पोर्ट्रेटची मागणी एकदम येते. या ऑर्डरी स्टाफच्या वर्गणीतून येतात. वर्गणी गोळा व्हायच्या आधी काम सुरू करू नका. "सगळे देणारच आहेत" याचा अर्थ अजून कुणी दिलेले नाहीत. एका माणसाचं नाव लिहून घ्या, पैसे त्याच्याकडूनच घ्या, पसंतीही त्याचीच. ऑर्डरी 10 मेला बंद करा. त्यानंतर येणाऱ्याला जादा दर, आणि तोही भिंतीवर छापलेला.

गेलेल्या माणसाचं चित्र

या कामावर थोडं जास्त बोलते, कारण खेड्यातून येणारी निम्मी कामं हीच, आणि शिकवत कुणी नाही. मुलगा येतो, मोबाइल पुढं करतो. फोटो बहुतेक वेळा आधार कार्डावरचा, नाहीतर एखाद्या लग्नातल्या घोळक्यातून कापलेला. तेराव्याला पाहिजे, किंवा वर्षश्राद्धाला. तेराव्याचं असेल तर हातात आठ-नऊ दिवस, म्हणून आधी स्वतःची वही बघून हो किंवा नाही लगेच सांगा. दुःखातल्या घराला "बघते, सांगते" म्हणून लटकवू नये.

मग फोटो. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो दाबला जातो आणि डोळ्यांच्या कडा जातात. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगा, आणि कसं ते दाखवून द्या. कार्डावरचाच असेल तर कार्ड घेऊन या म्हणावं. खिडकीजवळ उजेडात फ्लॅशशिवाय आपण स्वतः फोटो काढायचा. हल्ली मोबाइलमधल्या एआयनं "साफ" केलेला फोटो आणतात. त्यात सुरकुत्या गेलेल्या, नाक सरळ झालेलं, आणि म्हातारा कुणीतरी दुसराच. तो बाजूला ठेवा, मूळ मागा. चेहरा कळण्यासाठी दुसरे दोन-तीन फोटो मागा, धूसर असले तरी चालतील: हसताना गाल कुठं दुमडतो, फेटा कुठल्या बाजूला झुकतो, हे त्यात मिळतं.

मागण्या येतात. कोट घाला, उपरणं घाला, दाढी काढा, दहा वर्षांनी तरणे दाखवा. कपड्याला हो म्हणा. वयाला हो म्हणताना जपून, कारण फोटोत नसलेला चेहरा तुम्ही अंदाजानं काढणार आणि घरातल्या प्रत्येकाच्या मनातला अंदाज वेगळा. कच्ची रेषा झाली की दाखवा, पण एकाच माणसाला. माझी अट असते की पसंती आईची, म्हणजे गेलेल्याच्या बायकोची. ती बाई बारीक बोलते, "कान इतका चिकटलेला नव्हता," आणि तेच खरं निघतं. फॅमिली ग्रुपवर टाकलंत तर पुण्याचा जावई ओठ जाड करायला सांगणार, सोलापूरची मावशी बारीक. कच्च्या रेषेत दोन वेळा बदल फुकट, शेडिंग झाल्यावर बदल नाही. हे पावतीवर छापून घ्या.

पैशांचं बोलणं या घराशी अवघड जातं, म्हणूनच छापील भाव. कुणी रडत असेल तर थांबा, पाणी द्या, पण दर तोच सांगा. घासाघीस या कामात फार होतच नाही.

छापखानेवाले फोटोला ऑइल पेंटिंगचा फिल्टर मारून कॅनव्हासवर काढून देतात, तुमच्या निम्म्याहून कमी पैशात. त्यांच्या भावाला जाऊ नका. ज्याला तेवढंच हवंय त्याला मी स्वतः त्या दुकानाचा पत्ता देते. तोच माणूस पुढं चांगला फोटो नसलेलं काम घेऊन परत येतो, कारण मशीनला आधी चांगला फोटो लागतो.

भिंती

जिल्हा परिषदेच्या शाळांना "बोलक्या भिंती", म्हणजे धडे आणि चित्रं रंगवलेल्या भिंती, हव्या असतात. 2024 च्या सुरुवातीला "मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा" अभियान आलं तेव्हा तर रंगाऱ्यांना उसंत नव्हती. काम चौरस फुटावर घ्या, "पूर्ण शाळेचे एवढे" असं उक्तं कधीच नको. खिडक्या-दारं वजा करायची की नाही, रंग कुणाचा, प्राइमर कुणाचा, परांची कुणाची, माणसांचं जेवण कुणाकडं, हे सगळं दरासोबत लिहा. प्राइमर शाळेकडं टाकलात तर शाळा तो मारणार नाही, आणि पहिल्या पावसानंतर पोपडे निघाले की नाव तुमचं निघणार.

भिंतीवर हात फिरवा. तळव्याला चुना लागला तर तो खरवडून प्राइमर दिल्याशिवाय ब्रश उचलू नका. ओल आहे का बघायला प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव धरलेलं दिसलं तर ती भिंत सोडा आणि बाजूची मागा. छतावरून पाणी उतरतं ती भिंतही सोडा, मुख्याध्यापक कितीही म्हणोत की तीच रस्त्यावरून दिसते.

पैसा इथं उशिरा येतो. ग्रामपंचायतीच्या निधीतून असेल तर तीन कोटेशनं, ठराव, मोजमाप, मग बिल. काम फेब्रुवारीत सांगतात, कारण 31 मार्चला वर्ष संपतं. मार्च उलटला की फोनवर एकच ऐकू येतं, "बिल निघंना झालंय, मॅडम." म्हणून माझी अट अशी की रंगसाहित्याचे पैसे सुरुवातीलाच, लोकवर्गणीतून द्या नाहीतर कसेही द्या. उरलेली रक्कम मी सहा महिने येणार नाही असं धरूनच चालते, त्या भरवशावर घराचा हप्ता ठेवत नाही. जीएसटीचं बिल मागतील. नुसत्या वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल 40 लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला 20 लाखांपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावता येत नाही. साध्या बिलावर तसं लिहून द्या.

दवाखाना किंवा कंपनी असेल तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, कामाला येते. ती ऑनलाइन आणि फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज लागतं. सरपंचाविरुद्ध तक्रार करायला कुणी जात नाही, पण बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही एक ओळ दिसली की दवाखान्याचा अकाउंटंट लवकर फोन करतो.

हक्काचंही ठरवून घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 असं सांगतं की पैसे देऊन कुणी तुमच्याकडून चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो काढून घेणारा. म्हणजे दवाखान्यासाठी काढलेलं चित्र उद्या त्यांच्या कॅलेंडरवर आलं तर तुम्हाला तोंड उघडायला जागा नाही. पावतीवर एक ओळ घाला: "छपाईचे व प्रतींचे हक्क चित्रकाराकडे राहतील." गिऱ्हाइकाची सही घ्या. बहुतेक जण वाचतही नाहीत.

आणि चित्र बाहेर जायच्या आधी स्कॅन करा, मोठं असेल तर ढगाळ उजेडात नीट फोटो काढा. इंग्रज लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल 1844 मध्ये अजिंठ्याची चित्रं उतरवायच्या कामावर आला आणि वर्षानुवर्षं तेच करत राहिला. त्याच्या बहुतेक प्रती 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. तुमच्या चित्राला दिवाणखान्यातली वाळवी पुरेशी आहे.

पाठवायचं असेल तर काचेऐवजी ॲक्रिलिक शीट. कॅनव्हास गुंडाळायचा तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, आत ठेवली तर रंग दुमडून तडकतो. मध्ये बटरपेपर, आणि नळी जाडजूड.

मुंबईच्या प्रदर्शनाचं स्वप्न बघायला हरकत नाही, पण ते खर्चाच्या वहीत लिहा. जहांगीर आर्ट गॅलरीचं बुकिंग फार आधी करावं लागतं, वर फ्रेमा, वाहतूक, राहणं. त्यापेक्षा संभाजीनगरच्या माझ्या मैत्रिणीचा हिशेब बघा. ती पर्यटकांना विकते, त्यामुळे सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ बंद, हे तिच्या आठवड्याचं वेळापत्रक. सगळी चित्रं बिनफ्रेमची आणि बॅगेत मावतील एवढी, कारण विमानानं आलेला माणूस मोठं चित्र नुसतं बघून जातो.

महिन्याचं भाडं माझ्याकडं चित्रातून निघतच नाही, वर्गातून निघतं. लातूर पॅटर्नचं गाव, इथं पालक गुणांसाठी येतात: इंटरमिजिएटला, म्हणजे सरकारी चित्रकला परीक्षेला, ए ग्रेड मिळाली की दहावीला 7 गुण वाढतात, बीला 5, सीला 3. मुलाला चित्र आवडतं का, हे फार कमी जण विचारतात. असू दे. संध्याकाळचे दोन तास आणि पक्के पैसे.

पैसा इथं रानातून येतो हे ध्यानात ठेवा. सोयाबीन निघालं की दिवाळीच्या पुढंमागं लोक सढळ होतात. भाव पडला तर त्या वर्षी मोठ्या रंगीत कामांची आशा धरू नका, ए-फोरच चालेल. मृग लागला की गिऱ्हाईक दिसत नाही. असेल तो पैसा बियाण्यात आणि खतात, उरला तर पोरांच्या फीत. जून-जुलैचं घरखर्चाचं मी दिवाळीतच बाजूला काढते, आणि त्या दोन महिन्यांत नमुन्याची चित्रं करते.

भाव दर गुढीपाडव्याला वाढवा, थोडाच, पण चुकवू नका. महिनाभर आधी जुन्या गिऱ्हाइकांना मेसेज टाका की पाडव्याच्या आत ॲडव्हान्स दिला तर जुना दर. त्या महिन्यात वही भरते. एकदा आत्याबाईंचाही फोन आला होता, तीन नातवंडांच्या चित्रांसाठी, जुन्या दरात.