जुन्या लष्करी जीपचं इंजिन: या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यू दारात आली की लोक आधी नवी बॅटरी लावतात आणि स्टार्टर दाबतात. इंजिन हललं नाही तर दोरी बांधून गाडी ओढतात. ही एकच चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की सुरुवात तिच्यापासूनच करतो.

वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात ज्या सिलिंडरचा व्हॉल्व उघडा राहिलेला असतो, तिथे दमट हवा शिरते. बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंज धरतो आणि पिस्टनवरच्या रिंगा तिला चिकटून बसतात. माझ्या मित्राने अशीच एक जीप आणली. मी म्हटलं, आठवडाभर थांब. त्याने त्याच संध्याकाळी ती दुसऱ्या गाडीला बांधली आणि तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. मागची चाकं घासत गेली, मग आतून ‘कट्ट’ आवाज आला आणि इंजिन फिरलं. चालूही झालं, सगळे खूश. चार दिवसांत निळा धूर सुरू झाला. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढलं तर तीन नंबरच्या बोअरमध्ये नख अडकेल असा उभा ओरखडा. पिस्टन बाहेर काढला तेव्हा वरची रिंग तीन तुकड्यांत हातात आली. शेवटी रीबोअरिंग, म्हणजे बोअर कापून मोठे करणं, आणि चारही पिस्टन नवे. एक आठवडा थांबला असता तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

मी चारही प्लग काढतो आणि आत पातळ तेल सोडतो. हे साइड व्हॉल्व इंजिन आहे, म्हणजे व्हॉल्व सिलिंडरच्या बाजूला असतात, त्यामुळे प्लगच्या भोकातून तेल सरळ पिस्टनवर पडेलच असं नाही. बारीक नळी बोअरच्या बाजूला वळवावी लागते. दोन दिवसांनी पुन्हा तेल. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हाताने अगदी हलकी मागेपुढे ढकलतो. ढिम्म हलली नाही तर परत तेल आणि परत वाट बघणं. इंजिन सुटलं की न्यूट्रल करून पुढून हँडल मारतो. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा आणि हँडल खालून वर ओढा. उलटा झटका बसला तर अंगठा आणि मनगट दोन्ही त्यामुळेच वाचतात. त्यानंतर चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं, जुनं ऑइल बदलतो आणि प्लग बाहेरच ठेवून, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत स्टार्टर फिरवतो. इंजिन चालू करायचं ते यानंतर.

दुसरी चूक दिसत नाही म्हणून जास्त वाईट. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा जुना डायाफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदा, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने खराब होतो, फाटतो आणि पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते आणि मालक म्हणतो, वा, इंजिन ऑइल खात नाही! ते पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खात असतं. मी रोज गाडी काढण्याआधी डिपस्टिकचं टोक नाकाशी नेतो आणि ऑइल दोन बोटांत चोळून बघतो. पेट्रोलचा वास आला की गाडी जागची हलवत नाही. नवा, इथेनॉलला टिकणारा डायाफ्राम आणि नवं ऑइल, दोन्ही पडल्यावरच पुढचं.

बाकीच्या चुका थोडक्यात. या गाड्या ६ व्होल्टच्या आहेत. तेवढ्याच ताकदीला १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून आजच्या गाडीच्या बारीक केबल चालत नाहीत. स्टार्टर रडत फिरला तर बॅटरीला दोष देण्याआधी अर्थची जागा, म्हणजे बॅटरीची केबल गाडीच्या सांगाड्याला जोडलेली जागा, घासून चकचकीत करा. उकळलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, ब्लॉकला तडा जातो. फटी अशा ठेवा: टॅपेट (व्हॉल्व उचलणारा भाग) गार इंजिनावर ०.०१४ इंच, डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट ०.०२० इंच, प्लग ०.०३० इंच. फट मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फीलर गेज, घ्या, अंदाजाने लावू नका.

आणि हेडचे नट. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानेच आवळा. इंजिन एकदा नीट तापून पूर्ण गार झालं की पुन्हा एक फेरी. ही दुसरी फेरी बहुतेक जण टाळतात आणि महिन्याभरात गॅसकेट फुटलं म्हणून विचारायला येतात.