तांबट, शिंपी, वारकरी: घरच्यांसोबत पक्षी बघायचे कसे

आमची पहिली पक्षी-सहल मिसळीने खाल्ली. रविवारी सकाळी घरातली पाच माणसं, दोन डबे आणि एक उसनी दुर्बीण घेऊन नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याकडे निघालो. नाशिककराला रविवारी मिसळ टाळून गावाबाहेर पडणं जमत नाही. आधी रांग, मग जास्तीचा रस्सा, मग दही, मग चहा. तिथल्या चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर चढलो तेव्हा साडेदहा वाजले होते. ऊन डोळ्यांवर, पाण्यावर लांब काळे ठिपके. थोरला म्हणाला, "यूट्यूबवर जवळून दिसतात." धाकटी माझ्या खांद्यावर झोपली. परतताना गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही.

उशीर झाला हे खरं, पण मुळात आम्ही शेवटची पायरी आधी चढायला गेलो होतो. पुढच्या वर्षभरात उलट क्रमाने शिकलो: आधी खिडकी, मग गल्ली, मग नदी आणि सगळ्यात शेवटी अभयारण्य. तोच क्रम इथे देते.

आधी कान लावा

सूर्य उगवल्यावर पहिल्या तासाभरातली पंधरा मिनिटं काढा. सगळ्यांनी गॅलरीत किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायचं, हातात चहा-दूध, मोबाइल आत. कोणता पक्षी आहे हे विचारायचं नाही. किती वेगवेगळे आवाज ऐकू येतात, एवढंच बोटांवर मोजायचं. आमच्या इंदिरानगरच्या तिसऱ्या मजल्यावर पहिल्या दिवशी मुलांनी चार मोजले, सासूबाईंनी नऊ. त्या निफाडकडच्या, शेतात वाढलेल्या. त्या दिवसापासून घरात या विषयाचं प्रमुखपद त्यांच्याकडे गेलं. तुमच्याही घरात असं एखादं जुनं माणूस असेल, तर पुस्तक विकत घ्यायच्या आधी त्यांना विचारा.

त्यांच्याकडूनच मला या छंदाची किल्ली मिळाली: मराठी नावं. आपल्या लोकांनी पक्ष्यांना रंगावरून कमी आणि कामावरून जास्त नावं दिली आहेत. उन्हं तापायला लागली की उंबरावरून एकसुरी 'टुक, टुक, टुक' ऐकू येतं. तांब्याचं भांडं ठोकल्यासारखं, म्हणून तो तांबट. पोपटापेक्षा कितीतरी लहान, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल. आवाज दिवसभर येतो, पक्षी मात्र पानांत हरवतो. शिंपी मुठीत मावेल एवढा, पण ओरडणं त्याच्या आकाराला न शोभणारं. तो खरोखर पानाच्या कडा कापसाच्या धाग्यांनी शिवून त्यात घरटं करतो. धोबी किंवा परीट सारखी शेपटी आपटत चालतो, घाटावर कपडे आपटावेत तशी. कोतवाल काळाकुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा, आकाराने साळुंकीएवढा, पण घारीच्या पाठीमागे लागून तिला हद्दीबाहेर काढतो. सातभाई कधी एकटे दिसायचे नाहीत. मातकट रंगाची टोळी पालापाचोळा उलटत भांडत फिरते.

म्हणून मुलांना नाव आधी सांगू नका. "हा काय काम करतोय?" असं विचारा. धाकटीने धोबी पहिल्यांदा पाहिला तेव्हा "आई, हा कपडे धुतोय" असं ती स्वतःच म्हणाली. ते नाव ती आता विसरणार नाही.

एक गैरसमज इथेच निस्तरून टाकते. जास्वंदीवर चमकदार निळा-जांभळा, वाकड्या चोचीचा इवलासा पक्षी आला की सोसायटीच्या ग्रुपवर 'हमिंगबर्ड आला' असा फोटो पडतो. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. आपल्याकडचा तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. मादी साधी पिवळट-करडी, त्यामुळे तिचा फोटो कुणी टाकत नाही.

पाणी ठेवा, दाण्याचा विचार करून ठेवा

मार्च ते जून या काळात पाण्याइतकं दुसरं काही उपयोगी नाही. मातीचं पसरट परळ घ्या. पाणी कडेला बोटाच्या एका पेराएवढं, मध्ये थोडं खोल, आणि बसायला एक खडबडीत दगड. गुळगुळीत स्टीलच्या पातेल्यात पक्ष्यांचे पाय घसरतात आणि उन्हात ते तापतंही. परळ सावलीत आणि मांजर झडप घालू शकणार नाही अशा जागी हवं. रोज घासून पाणी बदलायचं. हे काम मुलांकडे द्या, पण शनिवारी स्वतः तपासा. पाणी आठवडाभर तसंच राहिलं तर डासांची पैदास होते.

दाण्याबाबत माझं मत थोडं वेगळं आहे. शहरात भरपूर दाणे टाकले की पारवे येतात, मग आणखी पारवे येतात, आणि चिमण्या बाजूला पडतात. मूठभर बाजरी, राळा किंवा तांदळाच्या कण्या पुरतात. शेव, फरसाण, बिस्किटं, मिठाचं उरलंसुरलं नको. त्यापेक्षा झाड लावा. कुंडीतल्या जास्वंदीवर शिंजीर येतो, कढीपत्त्याला काळी फळं लागली की बुलबुल आणि कोकिळा येतात. अंगण असेल तर शेवगा लावा. त्याच्या फुलांवर पक्ष्यांची वर्दळ असते.

चिमण्यांसाठी लाकडी खोका टांगायचा असेल तर भोक साधारण ३२ मिलिमीटरचं ठेवा. त्यातून चिमणी जाते, साळुंकी जात नाही. उंची आठ-दहा फूट, तोंड दुपारच्या उन्हाकडे नको. भोकाखाली बसायची काडी लावू नका, शत्रूलाच तिचा उपयोग होतो. खोका लागलीच भरेल अशी अपेक्षा नको. आमचा दीड वर्ष रिकामा होता. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून साजरा होतो आणि तो सुरू करण्यामागे आपल्या नाशिकचे मोहम्मद दिलावर आहेत, हे मुलांना जरूर सांगा. शाळेत त्यांना मिरवता येतं.

वही

दोनशे पानी साधी वही. तारीख, वेळ, जागा, काय केलं, कसा आवाज. चित्र वेडंवाकडं चालेल. फोटो काढण्यापेक्षा चित्र काढणारं मूल जास्त नीट बघतं, कारण त्याला पायांचा रंग आठवावा लागतो. मोठ्यांसाठी मोबाइलवर मर्लिन हे मोफत अ‍ॅप आवाजावरून पक्षी सुचवतं. ते चुकतंही, म्हणून आमच्याकडे नियम असा की आधी आजीचा अंदाज, मग मर्लिन. वहीतल्या नोंदी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी जमवणाऱ्या जागतिक संकेतस्थळावर, टाकल्या तर त्या अभ्यासकांनाही उपयोगी पडतात. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची गणना होते. किमान पंधरा मिनिटं मोजून यादी टाकायची असते. घरबसल्या भाग घ्यायला ती उत्तम.

दुर्बीण: घाईत घेऊ नका

दोन-तीन महिने नुसत्या डोळ्यांनी बघा, मग पैसे काढा. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. कुटुंबासाठी ८×४२ बरी. वीस पट म्हणून विकली जाणारी दुर्बीण हातात इतकी हलते की पक्ष्याऐवजी भूकंप दिसतो.

वापरायची एक युक्ती आहे, ती कळली नाही तर मुलं कंटाळून दुर्बीण सोडतात. पक्षी आधी डोळ्यांनी पकडायचा. नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण उचलून डोळ्यांपुढे आणायची. बहुतेक जण खाली दुर्बिणीकडे बघतात, मग वर फांद्यांत शोधत बसतात. आधी विजेच्या खांबावर बसलेल्या कावळ्यावर सराव करा, तो बिचारा थांबतो. दोन्ही नळ्यांमधलं अंतर मुलाच्या डोळ्यांप्रमाणे कमी करा, नाहीतर त्याला दोन गोल दिसत राहतात. चष्मा असेल तर रबरी कडा आत फिरवा. दोरी गळ्यात अडकवल्याशिवाय दुर्बीण हातात द्यायची नाही.

गल्लीतून नदीकडे

मग सकाळी सातच्या आत बाहेर पडा. पांडवलेणीच्या पायथ्याची झाडी, सोमेश्वर, गोदाकाठ, गंगापूर धरणाचा फुगवटा: कुठेही चालेल, पण एकच जागा निवडून तिथे दर महिन्याला जा. रोज नवी जागा शोधणाऱ्यांना पक्षी कमी आणि रस्ते जास्त दिसतात. पोचल्यावर चालत सुटू नका. वीस मिनिटं एका जागी बसा. पहिल्या पाच मिनिटांत काही दिसणार नाही. आपण शांत झालो की ते बाहेर येतात.

नदीकाठी मुलांना वंचक दाखवा. चिखलाच्या रंगाचा बगळा, मान आखडून दगडासारखा उभा. अगदी जवळ गेलो की उडतो आणि एकदम पांढराशुभ्र होतो, कारण पंख मिटल्यावर पांढरा रंग झाकलेला असतो. वंचक म्हणजे फसवणारा. हा खेळ थोरल्याला इतका आवडला की तासभर त्याने दुसरं काही पाहिलं नाही.

कपडे मातकट रंगाचे, आवाज हळू, घरट्याच्या जवळ जायचं नाही, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. संक्रांतीच्या दिवसांत झाडं, तारा नीट बघा. येवल्यात-नाशकात आसारी (मांजाची फिरकी) हातात घेतल्याशिवाय जानेवारी जात नाही, आणि नायलॉन मांजावर बंदी असूनही तो फांद्यांवर लटकलेला सापडतो. हाताशी येईल तेवढा गुंडाळून आणा. जखमी पक्षी मिळाला तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

आणि आता नांदूरमध्यमेश्वर

गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथल्या बंधाऱ्यामागे गाळ साचून उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, आणि पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. नोव्हेंबरच्या ५ ते १२ तारखांना राज्यात पक्षी सप्ताह असतो: ५ तारीख अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारीख पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा. शक्यतो आठवड्यातल्या मधल्या दिवशी जा.

घरातून पहाटे साडेपाचला निघा. चांदोरी-सायखेड्यावरून सकाळी रस्ता मोकळा असतो. तिकीट काढा आणि तिथला स्थानिक गाइड घ्याच. त्याच्याकडची तिपाईवरची मोठी दुर्बीण आपल्या हातातल्या दुर्बिणीपेक्षा कितीतरी जवळचं दाखवते, आणि आज पक्षी कुठे आहेत हे त्याला ठाऊक असतं. रोहित (फ्लेमिंगो) दिसेलच असं धरून जाऊ नका. बंधाऱ्यात पाणी किती यावर ते ठरतं. पाणी खोल असेल तर लांब पायांचे पक्षी दूर उथळ जागी जातात.

मुलांना शोधायला दोन नावं द्या. एक वारकरी: काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, आणि दिंडीसारखा शेकड्यांनी पाण्यावर. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरकडे दिंड्या निघतात, त्याच सुमारास हेही इथे जमलेले असतात. दुसरं हळदीकुंकू बदक: चोचीचं टोक पिवळं, चोचीच्या मुळाशी लाल ठिपके. सासूबाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "हिला वाण द्यायला हवं." डोक्यावर दोन काळ्या पट्ट्यांचे पट्टकदंब हंस दिसले तर ते हिमालय ओलांडून आलेत एवढं सांगा, बाकी मुलं स्वतःच विचारतात.

साडेनऊला आवरतं घ्या. त्यानंतर उन्हाने पाणी चमकायला लागतं आणि सगळी बदकं सारखीच काळी दिसतात. मिसळ परतीच्या वाटेवर. तेव्हा रांग सकाळपेक्षा मोठी असते, पण तेवढ्या वेळात वही लिहून होते.