शेअरिंगमधल्या लहान खोलीला हो म्हणण्याआधी

मामेबहीण कराडहून पुण्याला येतेय. कोथरूडला चौघींच्या फ्लॅटमधली सगळ्यात लहान बेडरूम तिला मिळतेय आणि उद्या संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय. फोनवर तिला एकेक सांगत बसले, मग म्हटलं हे लिहूनच काढावं. कारण २०१८ च्या जूनमध्ये मी अशीच खोली एका सकाळी बघून दुपारी पक्की केली, आणि नोव्हेंबरात आठ दिवसांच्या आत सामान उचलून बाहेर पडले. वर वीस हजारांचं डिपॉझिट गेलं ते गेलंच. खोलीत काही वाईट नव्हतं. करारात माझं नाव नव्हतं.

ते सविस्तर सांगतेच. आधी खोली.

मोजायची टेप घेऊन जा. फोटो कोपऱ्यात उभं राहून काढलेले असतात, त्यावर जाऊ नका. सिंगल कॉट सहा बाय तीन फूट. लोखंडी कपाट तीन फूट रुंद, दीडेक फूट खोल, आणि त्याची दारं उघडायला पुढे आणखी दोन फूट मोकळे लागतात. खोलीचं दार आत उघडत असेल तर तेवढी जागा हिशेबात धरायचीच नाही, तिथे काहीही ठेवता येत नाही. कागदावर चौकोन काढा आणि सामान बसवून बघा. घरून काम करणार असाल तर आधी टेबल बसवा, मग कपाट. कपड्यांची सोय माळ्यावर किंवा कॉटखाली होते, पाठीची होत नाही.

माप नुसतं ‘लहान आहे’ म्हणून सोडून देऊ नका. राष्ट्रीय इमारत संहितेत राहायच्या खोलीचं किमान माप दिलेलं आहे. घरात एकापेक्षा जास्त खोल्या असतील तर एक निदान ९.५ चौरस मीटरची हवी, दुसरी ७.५ चौरस मीटरपर्यंत लहान चालते, आणि रुंदी २.१ मीटरपेक्षा कमी नको. म्हणजे साधारण ऐंशी चौरस फूट आणि सात फूट रुंदी. त्याहून लहान खोली ‘थर्ड बेडरूम’ म्हणून दाखवत असतील तर ती मुळात स्टोअररूम असेल किंवा काचा लावून बंद केलेली बाल्कनी. बंद बाल्कनी घेऊ नका. एप्रिलमध्ये तापते, जुलैत काचांच्या फटीतून पाणी आत येतं. खिडकी कुठे उघडते तेही बघा. डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या बंद पोकळीत उघडत असेल तर वरखालच्या सगळ्या बाथरूमचे आवाज आणि वास तुमच्या उशाशी.

खोली दोनदा बघायची. एकदा दुपारी तीनला, पश्चिमेच्या भिंतीला हात लावून. एकदा रात्री दहानंतर. लहान खोली बहुतेक वेळा हॉलला किंवा स्वयंपाकघराला चिकटून असते, आणि मधली भिंत चार इंची असते. रात्री दार लावून दहा मिनिटं गप्प बसा, कळेल. नवा रंग फक्त एकाच भिंतीला दिसला तर ओल कुठे आहे ते विचारा. ‘आहे का’ विचारू नका, ‘कुठे आहे’ विचारा.

पंखा, लाइटचे पॉइंट, मोबाइलची रेंज: बघाल तुम्ही.

आता करार. तुम्ही खोली बघायला जाल तेव्हा तिथे राहणारी एखादी ताई छान बोलेल, चहा देईल, आणि सांगेल की करार माझ्या नावावर आहे, तू काळजी करू नकोस. मला असंच सांगितलं होतं आणि ती खोटं बोलत नव्हती. करार खरोखर तिच्याच नावावर होता, फक्त तिच्या. मी वीस हजार तिच्या खात्यावर टाकले, दर महिन्याचे सात हजारही तिच्याच खात्यावर. नोव्हेंबरात तिची बंगळूरला बदली झाली. मालकांना तिने महिनाभर आधीच नोटीस दिली होती, आम्हाला पत्ता नाही. मालकांनी सगळं डिपॉझिट तिला परत केलं, कारण त्यांच्या कागदावर तीच होती. पुढचा भाडेकरू ठरलेला होता. मालककाका दारात आले आणि मला म्हणाले, “तुम्ही कोण?” त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकले नाही. माझ्याकडे दाखवायला एक ओळसुद्धा नव्हती. तिने आठवडाभर ‘देते, देते’ म्हटलं आणि मग फोन उचलणं बंद केलं.

म्हणून सांगते, करारात तुमचं नाव आहे का ते बघा. ‘टाकू नंतर’ चालणार नाही. ‘मालकांना माहीत आहे’ चालणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज म्हणजे करार नाही. ओळखायची खूण सोपी आहे: लीव्ह अँड लायसन्सच्या (हाच आपला भाडेकरार) ऑनलाइन नोंदणीत प्रत्येक भाडेकरूचा फोटो आणि अंगठा घेतात. तुमचा अंगठा कुणी घेतला नसेल तर त्या करारात तुम्ही नाही. बाकी कुणी काहीही सांगो.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हे अजूनही सर्रास सांगतात. महाराष्ट्रात ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. म्हणजे मालकालाही नोंदणी सोयीचीच आहे, हे त्यांना शांतपणे सांगता येतं. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं.

खर्चाचं कारण तर अजिबात ऐकून घेऊ नका. आमच्या फ्लॅटचं भाडं २८,०००, अकरा महिन्यांचं ३,०८,०००. चौघींचं मिळून डिपॉझिट ८०,०००, त्यावर वर्षाला दहा टक्क्यांनी व्याज धरतात. भाडं आणि हे व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे आठशेच्या आसपास, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटचे पैसे वेगळे. चौघींत वाटून माणशी पाच-सातशे रुपये होतात. तेवढ्यासाठी माझे वीस हजार गेले. मधेच कुणी नवीन आलं की सहसा नव्याने करार करावा लागतो, म्हणून सगळे टाळतात. तुम्ही टाळू देऊ नका. खर्च मी देते म्हणा, पण नाव घाला. आणि डिपॉझिट मालकाच्याच खात्यावर, बँकेतून, ‘डिपॉझिट’ असं लिहून. जुन्या मुलीला तिचं डिपॉझिट परत करायचं असेल तर ते मालक करतील, ती तुमच्याकडून घेणार नाही.

पासपोर्टसाठी पत्त्याचा पुरावा लागला तेव्हाही हेच आडवं आलं. पोलिसांकडे भाडेकरूंची माहिती जाते तिथेही करारातलीच नावं जातात. पाच महिने मी त्या घरात राहिले आणि कागदोपत्री कुठेच नव्हते.

भाड्याची वाटणी. माझी खोली नऊ बाय नऊ, शेजारची अकरा बाय बारा, दोघींना सात-सात हजार. मी विचारलंच नाही. आता मी अर्धं भाडं डोक्यावर आणि अर्धं खोलीच्या मापावर वाटायला सांगते. हॉल, स्वयंपाकघर सगळ्यांचं सारखं, खोली ज्याची त्याची. मुली ऐकतात, आकडा मांडून दाखवला की. लाइटबिलाचंही असंच. महावितरणचा दर ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० युनिट अशा टप्प्यांनी चढत जातो. मास्टर बेडरूममध्ये एसी असेल तर अख्ख्या घराचा वापर वरच्या टप्प्यात जातो, आणि तुमच्या खोलीत फक्त पंखा. एसीला वेगळा सबमीटर लावा किंवा तशी वाटणी आधी ठरवा. बिल आल्यावर भांडून काही होत नाही.

माणसं: सकाळी सात ते नऊ बाथरूमला कोण कधी, एवढं विचारा. पाणी किती वेळ येतं, टँकरचे पैसे कोण देतं. मावशींचा पगार, सिलिंडर, वायफाय. पाहुण्यांबद्दल सोसायटीचा नियम. फ्रिजमधला कप्पा. बाकी राहायला गेल्यावर कळतं.

मग घ्यायची की नाही? लहान खोलीला माझा विरोध नाही. त्या नोव्हेंबरानंतर मी आठ बाय दहाच्या खोलीत चार वर्षं राहिले आणि बरी राहिले. कॉट बेसिसवर तिघींच्या खोलीत दोन हजार वाचतात, पण रात्रपाळी असेल, अभ्यास असेल, किंवा घरी फोनवर मोकळं रडायचं असेल, तर आतून कडी लागणारं स्वतःचं दार दोन हजारांपेक्षा मोठं आहे. बाहेर उघडणारी खिडकी, आतून कडी, झोप लागेल इतकी शांतता, आणि करारात नाव. पहिल्या तिन्हींपैकी एखादं थोडं कमी असेल तर भाडं कमी करून घ्या आणि राहा. चौथं नसेल तर नाही म्हणा, खोली कितीही चांगली असो. मुदत उद्याची असली तरी. ‘अजून दोघी बघून गेल्यात’ असं म्हटलं तरी.

नोटीस एक महिन्याची की दोन, लॉक-इन (ठरावीक महिने खोली सोडता येत नाही ती अट) आहे का, मधे सोडलं तर काय कापतात: करारात वाचा, तोंडी नको. कराराची प्रत आणि इंडेक्स टू (नोंदणीचा गोषवारा) स्वतःच्या मेलवर मागवून घ्या.

जायच्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो, भिंतींचे, नळांचे फोटो, किल्ल्या किती मिळाल्या ते लिहून. टेम्पोवाल्याला मजला आधी सांगा. आणि टेम्पो ठरवायच्या आधी अंगठा.